बोल आणि टिपण

आपल्या वाङ्मयाचा आरंभ जितका वक्त्यांचा, तितकाच लेखनिकांचाही आहे. ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. चक्रधरस्वामींनी स्वहस्ते ग्रंथ रचला नाही. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी माणसामाणसांना विचारून गोळा केल्या, म्हणून ‘लीळाचरित्र’ आज आपल्या हाती आहे. बोल हवेत विरून जातो, उरते ते टिपण. पुंज सिद्धांतासारख्या अर्वाचीन शास्त्रालाही हाच न्याय लागू पडतो. मुंबईत सत्तर वर्षांपूर्वी झालेल्या एका व्याख्यानमालेची हकिगत त्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

१९५४ साली केंब्रिजचे प्राध्यापक पॉल डिरॅक हे एक वर्ष अमेरिकेत प्रिन्स्टन येथे काढणार होते. ह्याच डिरॅकनी १९२८ साली पुंज सिद्धांत आणि आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद ह्यांची इलेक्ट्रॉनपुरती सांगड घातली. त्या समीकरणातून इलेक्ट्रॉनचा एक उलट्या विद्युत्‌भाराचा जुळा सूचित झाला आणि १९३२ साली तो खरोखरच सापडला. १९३३ चे नोबेल पारितोषिक त्यांना श्रोडिंगर ह्यांच्यासह मिळाले होते. एवढ्या योग्यतेच्या माणसाला अमेरिकन सरकारने व्हिसा नाकारला! तो काळच संशयाचा होता. रशियात जाऊन आलेला शास्त्रज्ञ म्हटला की अधिकाऱ्यांच्या भुवया उंचावत. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी निषेध केला, पण डिरॅकनी पूर्वेची वाट धरली आणि ते हिंदुस्थानात आले.

मुंबईत होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था तेव्हा अवघी नऊ वर्षांची होती. कुलाब्याच्या इमारतीची कोनशिला १९५४ च्या जानेवारीत नुकतीच बसली होती. कारभार चाले तो गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात. भाभा केंब्रिजला असताना डिरॅकच्या हाताखाली शिकलेले. गुरू आता शिष्याच्या घरी आला आणि त्याने पुंजयामिकी व सापेक्षतावादी क्षेत्र-सिद्धांत ह्या विषयांवर व्याख्याने दिली.

डिरॅकचे मितभाषण प्रसिद्धच आहे. मोजके, नेमके बोलावे आणि एकदा बोललेले वाक्य पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगू नये, हा त्यांचा बाणा. अशा वक्त्याचे टिपण घेणे म्हणजे नुसते लिहून घेणे नव्हे. न सांगितलेल्या पायऱ्या आपण भरून काढाव्या लागतात. हे काम संस्थेतील दोन तरुणांनी अंगावर घेतले: के. के. गुप्ता आणि जॉर्ज सुदर्शन. त्यांची टिपणे संस्थेने १९५५ साली प्रसिद्ध केली. केरळातील कोट्टायमकडचा सुदर्शन तेव्हा चोविशीच्या आतला होता. त्याच वर्षी तो अमेरिकेत रॉचेस्टरला गेला.

सुदर्शन ह्यांचे पुढील सारे कर्तृत्व त्या वहीतून निघाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पुंज सिद्धांताचा पाया त्यांनी ज्या शिस्तीने वापरला ती शिस्त कोठे अंगी मुरली असेल, ह्याचा अंदाज वाचकाने बांधावा. १९६१ साली मॅथ्यूज आणि जयसीता राव ह्यांच्यासह त्यांनी एक निबंध लिहिला. परिसराचा धक्का खाणारी पुंज-व्यवस्था कशी बदलत जाते, हे गणितात कसे मांडावे, हा त्याचा विषय. आज पुंज-संगणकातील माहिती वाटेत कशी बिघडते ह्याचा विचार याच धर्तीच्या गणिताने करतात. १९६३ साली त्यांनी दाखविले की, कोणताही प्रकाश लेसरसारख्या नियमित प्रकाशांचे मिश्रण म्हणून मांडता येतो. मात्र त्या मिश्रणातील प्रमाणे साध्या संभाव्यतेसारखी वागेनाशी झाली, की तो प्रकाश खरा पुंजधर्मी समजावा. २००५ साली ह्या क्षेत्रातील कामाबद्दल रॉय ग्लाउबर ह्यांना नोबेल मिळाले, सुदर्शन वगळले गेले, आणि त्यावर मोठा वाद झाला.

हे सारे मुंबईत आणि समुद्रापार घडत होते तेव्हा आमचा मराठवाडा कोठे होता? १९५५ साली तो हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. मुदखेडच्या मुलाला मुंबई गाठावयाची तर मीटर गेजच्या गाडीने मनमाडपर्यंत जाऊन तेथे गाडी बदलावी लागे. नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० मध्ये निघाले होते, पण मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ औरंगाबादेस झाले ते १९५८ साली, आणि नांदेडचे तर १९९४ साली. डिरॅकचे शब्द मुदखेडपर्यंत पोचण्यास वाटच नव्हती.

आता तीच वाट उलट दिशेने चालू लागली आहे. मुदखेडपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत औंढा नागनाथ आहे. विसोबा खेचरांनी नामदेवांना उपदेश केला तो तेथेच, असे सांगतात. त्या औंढ्याच्या परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्याच्या २,६०० कोटी रुपयांच्या योजनेस केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून लेसर सोडावयाचा आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असा फरक मोजावयाचा, असे हे काम आहे. येथे प्रकाशाचा पुंजस्वभावच आडवा येतो. कण पत्र्यावरच्या पावसाच्या थेंबांसारखे कमीअधिक अंतराने पडतात आणि त्या तडतडीत लहर बुडून जाते. त्यावर युक्ती अशी की, अनिश्चितता नाहीशी करता येत नसली तरी दाबता येते. फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडे फुगतो, तशी ती जेथे मोजमापाला बाधत नाही तेथे ढकलावयाची. अमेरिकेतील जुळ्या वेधशाळा २०१९ पासून हा ‘दाबलेला’ प्रकाश वापरतात. आणि तो पुंजधर्मी का, ह्याची कसोटी सुदर्शन ह्यांच्या १९६३ च्या मांडणीत सापडते.

म्हणजे मुंबईच्या एका खोलीत ज्याने डिरॅकची टिपणे काढली, त्याचे गणित आता मराठवाड्याच्या माळावर कामास येण्याजोगे आहे. वेधशाळेमागून शास्त्रज्ञ येतील, व्याख्याने होतील, ती बहुधा इंग्रजीत होतील. त्यात वावगे काही नाही. डिरॅकही इंग्रजीतच बोलले. प्रश्न वक्त्याचा नाही, लेखनिकाचा आहे. सभागृहाच्या मागल्या बाकावर नांदेड, हिंगोली, मुदखेडची मुले वही उघडून बसणार आहेत की वेधशाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहून नुसते पाहणार आहेत? बोल दाराशी येत आहे. तो टिपून घेणारा आणि टिपलेले मराठीत समजावून सांगणारा म्हाइंभट आपल्यातूनच निघाला पाहिजे. तो बाहेरून येणार नाही.