गारिकून आणि फणसांबा

कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर फळीसारखी बाहेर आलेली, लाकडाइतकी कठीण तपकिरी बुरशी उगवते. तिला फणसांबा किंवा फणसआळंबे म्हणतात. लहान मुलाची लाळ फार गळत असेल किंवा तोंड आले असेल, तर ती पाण्यात उगाळून हिरड्यांना लावण्याची जुनी रीत आहे. औषध मुलाच्या तोंडात जाते, म्हणून तिची ओळख पक्की हवी. पुस्तकांनी मात्र या ओळखीत बराच घोळ घातला आहे.

लाकडी बुरशीच्या औषधाची लेखी नोंद पहिल्या शतकात सापडते. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने 'अगारिकॉन'बद्दल लिहिले. कुणी त्याला मूळ म्हणतात, कुणी झाडावरची बुरशी, असेही त्याने नमूद केले. नवव्या शतकात बगदादमध्ये इस्तिफान इब्न बसीलने हा ग्रंथ अरबीत आणला आणि हुनैन इब्न इसहाकने तो तपासून दुरुस्त केला. अगारिकॉनचे 'गारिकून' झाले. इब्न सीनाच्या 'अल-कानून'मधून ते युनानी हकिमांपर्यंत पोहोचले. पण गारिकून लार्च या थंड मुलखातल्या झाडावर उगवते. सह्याद्रीत ते झाड नाही. त्यामुळे फणसांबा म्हणजे गारिकून नव्हे.

पुढे 1753 मध्ये लिनियसने 'अगॅरिकस' हे नाव छत्रीखाली पाती असलेल्या मऊ अळंब्यांना दिले. लाकडी बुरशीचे नाव असे भलतीकडेच गेले. 1890 ते 1893 या काळात डिमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या 'फार्माकोग्राफिया इंडिका'चे खंड निघाले. त्यात फणसआळंब्याचा उपयोग नोंदवला गेला, पण ओळख दिली 'अगॅरिकस ऑस्ट्रिएटस', म्हणजे आजचे धिंगरी अळंबे! पुढे पुण्याचे बुरशीतज्ज्ञ जे. जी. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फणसांबा 'फेलिनस' वंशात ठेवला.

भिसेगावात, कर्जत स्थानकाच्या आसपास, वाळक्या खोडावर अशी बुरशी दिसली तर आधी झाड कोणते ते पाहा. मग बुरशी उलटी करा. खाली पाती असतील तर ती फेलिनस नाही. बारीक छिद्रे असतील तर पुढे तपासा. वरचा भाग लाखेने चमकवल्यासारखा आणि खालचा पांढरट असेल, तर बहुधा गॅनोडर्मा. आतला गर गंजाच्या रंगाचा असेल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब पडताच काळा होत असेल, तर फेलिनस किंवा त्याचे जवळचे नातलग. नेमकी जात ठरवायला सूक्ष्मदर्शक लागतो. तोवर ती उगाळू नये.

लॅटिन नावे बदलत गेली. कोकणातल्या नावाने निदान झाड तरी बरोबर सांगितले होते.