रात्रीच्या उजेडाचे तापमान

सिन्नरच्या माळावर अमावास्येच्या रात्री उभे राहिलो, की आकाश काळेकुट्ट आहे असे आम्ही सहज म्हणून जातो. वस्तुतः ते कधीच पूर्ण काळे नसते. दिवसा सूर्यकिरणांनी फोडलेले प्राणवायूचे रेणू रात्री पुन्हा जुळू लागतात आणि त्या घडामोडीतून अतिशय मंद प्रकाश बाहेर पडतो. शास्त्रज्ञ त्याला 'एअरग्लो' म्हणतात. आम्ही त्यास वातावरणदीप्ती म्हणू.

या दीप्तीची ओळख सावकाश पटत गेली. ध्रुवीय प्रकाशात दिसणारी हिरवी रेषा साध्या आकाशातही असते, हे स्वीडनच्या आंगस्ट्रॉमने 1868 मध्ये पाहिले. ती प्राणवायूच्या अणूंची, हे 1925 मध्ये मॅकलेनन व श्रम यांनी कॅनडात सिद्ध केले. डोळ्यांना न दिसणारी अवरक्त दीप्ती हायड्रॉक्सिलची आहे, हे मायनेलने 1950 मध्ये दाखविले.

या हायड्रॉक्सिलनेच संशोधकांच्या हाती तापमापक दिला. सुमारे 87 किलोमीटर उंचीवरचे हे रेणू भोवतालच्या हवेशी सतत टकरा घेत स्वतःभोवती फिरतात. हवा उबदार असेल तर वेगाने फिरणारे रेणू वाढतात आणि वर्णपटातील रेषांच्या तेजाचे परस्परप्रमाण बदलते. त्या प्रमाणावरून तापमान काढता येते. केवळ उजेड वाढला म्हणजे उष्णता वाढली, असे मात्र नव्हे. उजेड प्राणवायूच्या पुरवठ्यावरही अवलंबून असतो.

महाराष्ट्राचाही या शोधयात्रेत वाटा आहे. पुणे विद्यापीठात प्रा. चिपळोणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्रीच्या या उजेडाची निरीक्षणे केली. पुढे भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या मुखर्जी व परिहार यांनी 2002-03 च्या हिवाळ्या-उन्हाळ्यात कोल्हापुरातून हायड्रॉक्सिलची दीप्ती मोजली. सरासरी तापमान निघाले शून्याखाली सुमारे 71 अंश सेल्सियस!

या आकड्याचे मोल आज अधिक आहे. जो कर्बवायू जमिनीलगतची हवा तापवितो, तोच त्या विरळ थरात उष्णता अवकाशात सोडून हवा थंड करतो. हा बदल पकडायचा तर निरीक्षणे एकदोन हिवाळ्यांची नव्हे, अनेक दशकांची हवीत. आणि त्यांसाठी अंधार हवा. माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यांनी सिन्नरला रोजगार दिला, तो आम्हांला हवाच आहे. पण दिव्यांचा झोत जमिनीकडे वळवायला काय हरकत आहे? अंधार हीदेखील जपून ठेवण्याजोगी ठेव आहे.