कढीपत्ता : घरच्या घरी साठवण आणि वाळवण

पावसाळ्यात परसातल्या कढीपत्त्याला भरपूर फूट येते. थंडीत मात्र तेच झाड थबकते. तापमान साधारण 16 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की शेंड्याची वाढ थांबते आणि जुनी पाने पिवळी पडून गळू लागतात. त्यामुळे हंगामात जास्तीचा पाला वाया जातो आणि थंडीत घरच्या फोडणीलाही पाने पुरत नाहीत. योग्य वेळी काढणी करून पाला नीट साठवला तर ही अडचण राहत नाही. विदर्भात गोडनिंब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पिकासाठी घरी करता येतील अशा पद्धती खाली दिल्या आहेत.

पानाचा वास का जातो?

कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे. त्याच्या पानांत तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात आणि सुगंध या तेलाचाच असतो. हे तेल उष्णतेने उडून जाते. पान चुरगळले, की ग्रंथी फुटतात आणि वास लवकर कमी होतो. पानावर पाणी राहिले, तर पान काळे पडून बुरशी येते. म्हणून कोणतीही पद्धत वापरली तरी पान अखंड, बाहेरून कोरडे आणि उन्हापासून दूर ठेवावे.

काढणी आणि निवड

- काढणी सकाळी दव सुकल्यावर करावी. पाऊस पडून गेल्यावर लगेच काढू नये.
- पूर्ण वाढलेली, गर्द हिरवी पाने घ्यावीत. कोवळी तांबूस पाने साठवणीत लवकर कोमेजतात.
- पिवळी, डाग असलेली, खवले कीड किंवा अळीने खाल्लेली पाने काढून टाकावीत.
- शेंड्यावर सायला कीड दिसल्यास त्या डहाळ्या संत्रा, मोसंबी किंवा लिंबाच्या बागेजवळ टाकू नयेत. ही कीड त्या पिकांवरही जाते.
- फवारणी केली असल्यास औषधाच्या लेबलवर दिलेला प्रतीक्षा कालावधी पूर्ण झाल्याशिवाय पाने काढू नयेत.

धुणे

घरची पाने वाहत्या पाण्यात दोन वेळा धुवावीत. विकत आणलेली पाने चिंचेच्या पाण्यात (1 लिटर पाण्यास 20 ग्रॅम चिंच) 15 मिनिटे बुडवून, नंतर स्वच्छ पाण्याने धुवावीत. पानावरचे अवशेष यामुळे कमी होतात. पानाच्या आत शोषले गेलेले औषध मात्र धुऊन जात नाही. धुतल्यावर डहाळ्या झटकून सुती कापडावर पंख्याखाली पसरून ठेवाव्यात. हाताला ओल लागेनाशी झाल्यावरच पुढचे काम करावे.

साठवणीच्या पद्धती

1. फ्रीजमध्ये (सुमारे 10 ते 15 दिवस) : पाने दांड्यासह ठेवावीत. डब्याच्या तळाशी कोरडे कापड किंवा कागद घालून त्यावर पाने सैलसर भरावीत आणि वरूनही कागद ठेवावा. कागद ओलसर लागला की बदलावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओली जुडी बांधून ठेवू नये.

2. फ्रीजरमध्ये (3 ते 6 महिने) : पाने दांड्यापासून वेगळी करून ताटात एकेरी थरात गोठवावीत. मग पिशवीत भरून हवा काढून टाकावी. वापरताना पाने वितळू देऊ नयेत, कारण वितळली की ती काळी आणि मऊ पडतात. गरजेपुरती काढून थेट फोडणीत टाकावीत. तेल उडते, म्हणून झाकण हाताशी ठेवावे. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत या पद्धतीवर विसंबू नये.

3. सावलीत वाळवून (सुमारे 6 महिने) : हवा खेळती असलेल्या खोलीत कापडावर किंवा जाळीच्या ट्रेवर पाने पातळ पसरावीत आणि दिवसातून एकदा हलवावीत. कोरड्या हवेत 3 ते 5 दिवसांत पाने वाळतात. चुरल्यावर कुरकुरीत आवाज होऊन तुकडे पडले, म्हणजे वाळवण पूर्ण झाले. उन्हात वाळवल्यास हिरवा रंग आणि वास दोन्ही जातात. पावसाळ्यात दमट हवेमुळे बुरशी येते. तेव्हा सोलर ड्रायरमध्ये 50 ते 60 अंश सेल्सिअसला वाळवावे.

पानांत सुमारे 65 टक्के पाणी असते. त्यामुळे दांडे काढलेल्या 1 किलो पानांपासून साधारण 350 ते 400 ग्रॅम वाळलेली पाने मिळतात. ती अखंडच हवाबंद बरणीत, अंधाऱ्या जागी ठेवावीत. पूड लागेल तेव्हा आणि लागेल तेवढीच करावी.

हे टाळावे

ताजी पाने तेलात बुडवून बाहेर ठेवू नयेत. पानात पाण्याचा अंश असतो आणि तेलाखाली हवा पोहोचत नाही. अशा ठिकाणी बोट्युलिझम हा घातक आजार घडवणारे जिवाणू वाढू शकतात आणि ते वासावरून किंवा रंगावरून ओळखता येत नाहीत. पानांचे तेल करायचेच असल्यास थोडे करावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि 4 दिवसांत संपवावे.

कोथिंबीर आणि पुदिना

हीच रीत सर्व पानांना लागू पडत नाही. पुदिना सावलीत चांगला वाळतो. कोथिंबीर वाळवल्यावर तिचा वास फारसा उरत नाही, म्हणून ती चिरून गोठवणे बरे.

बचत गटांसाठी

विक्रीसाठी वाळवण करताना प्रत्येक घाण्याची तारीख लिहून ठेवावी, वेगवेगळ्या दिवशी वाळवलेली पाने एकत्र करू नयेत आणि अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करून घ्यावी. भरल्यानंतर दोन दिवसांनी बरणी पाहावी. आत बाष्प दिसल्यास तो माल पुन्हा वाळवावा. बुरशी दिसल्यास पूर्ण बरणी टाकून द्यावी. वरची पाने काढून उरलेली विकू नयेत.