मुंबई ते लंडन : अंतर आणि अवधी

मुंबई आणि लंडन या नगरांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. अडीचशे वर्षांपूर्वीही ते तेवढेच होते. परंतु राज्यकारभारात अंतर मैलांनी मोजून भागत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर किती दिवसांनी हाती पडते, हे तेथे खरे माप.

याचे मासलेवाईक उदाहरण मराठ्यांच्या इतिहासातच आहे. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला. साष्टी आणि वसई घेऊन राघोबादादांना पेशवाई मिळवून द्यावयाची, असा तो सौदा. कलकत्त्याच्या कौन्सिलाला तो मानवला नाही. त्यांनी कर्नल अप्टन याला पुण्याकडे धाडले आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह करून पहिला तह रद्द ठरविला. त्यानंतर काही महिन्यांनी लंडनहून कंपनीच्या संचालकांचा खलिता आला. त्यात पसंती होती ती सुरतेच्या तहाला! केपला वळसा घालून येणाऱ्या गलबतास त्या काळी पाच-सहा महिने लागत. बसऱ्यावरून खुष्कीने जाणारे टपाल लवकर पोचे, तरी त्यातही महिने मोडत. पुणे दरबाराने आता कोणत्या कंपनीवर विश्वास ठेवावा? या घोळातून मुंबईकरांना पुन्हा धीर आला आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांची फौज शरण आली. केवळ टपालामुळे युद्ध झाले असे मी म्हणणार नाही. साष्टीचा लोभ जुनाच होता. पण उत्तर उशिरा येणार हे ठाऊक असलेला अधिकारी आधी कृती करतो आणि मग अनुमती मागतो.

१८३० मध्ये मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्चला निघून २२ एप्रिलला सुएझला पोचली. वाटेत कोळशासाठी थांबे घ्यावे लागले, आणि कोळसा एवढा भरलेला की उतारूंच्या खोल्यांतही तोच. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. १८७० मध्ये समुद्री तार मुंबईस येऊन पोचली, तेव्हा प्रश्नोत्तरे तासांवर आली. माणूस मात्र आठवड्यांनीच पोचत राहिला.

विमानानेही ही तफावत एकदम मिटविली नाही. १९२९ मध्ये लंडन-कराची हवाई टपाल सुरू झाले. त्या प्रवासाला सात दिवस लागत, आणि बाझेल ते जिनोआ हा टप्पा चक्क आगगाडीने करावा लागे. कराचीपासून मुंबईपर्यंतची उणीव १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी भरून काढली. एका छोट्या पस मॉथ विमानातून टपाल घेऊन ते अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, त्यात ३५ प्रवासी होते.

आज हा प्रवास मध्ये न थांबता नऊ-दहा तासांत होतो. जाताना वेळ अधिक लागतो, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. सकाळी सातला मुंबई सोडून दहा तास उडालेला प्रवासी हिवाळ्यात लंडनच्या घड्याळाप्रमाणे साडेअकरालाच उतरतो.