२७ जुलै : भुकेचे गणित मांडणारे डॉ. सुखात्मे

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली आजच्या दिवशी संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. फर्ग्युसन महाविद्यालय, पुढे लंडन. मायदेशी परतल्यावर पीक कापणीच्या नमुना पाहणीला त्यांनी शास्त्रीय बैठक दिली. १९५१ पासून रोममध्ये अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाची धुरा त्यांच्याकडे होती.

जगात उपाशी किती? देशाच्या सरासरी उष्मांकावरून हे कळत नाही, हा त्यांचा आग्रह मोलाचा. माणसागणिक गरज वेगळी. एकाच माणसाची गरजही रोज बदलते. म्हणून सरासरी गरजेहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही, असे त्यांनी मांडले. यामुळे भूक कमी लेखली जाईल, अशी टीका झाली आणि आकडेवारीच्या आधारे मोठा वाद रंगला.

निवृत्तीनंतर पुण्यात त्यांनी पोषणासाठी अन्नाइतकाच शुद्ध पाणी आणि स्वच्छतेवरही भर दिला.