अगेन्स्ट द टाइड : दोन कोळी मित्र, एक आजारी बाळ आणि रिकामी होत चाललेली जाळी

मुंबईतल्या एका कोळी घरात बाळ जन्माला आलंय. घरात आनंद आहे, आणि त्याच घरात थोड्याच दिवसांत कळतं की बाळाला हृदयाचा आजार आहे. बाप रोज होडी घेऊन समुद्रात जातो, पण जाळ्यात पूर्वीसारखी मासळी येत नाही. आता उपचाराचा पैसा आणायचा कुठून?

ही गोष्ट कुठल्या सिनेमासाठी रचलेली नाही. ‘अगेन्स्ट द टाइड’ हा सर्वनीक कौर यांनी दिग्दर्शित केलेला 97 मिनिटांचा माहितीपट आहे आणि त्यातलं घर खरंखुरं आहे. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथे त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी मुंबईच्या मामी महोत्सवात दक्षिण आशियाई विभागाचा ‘गोल्डन गेटवे’ पुरस्कारही त्याने पटकावला. तरीही कोळीवाड्याबाहेरच्या मराठी माणसांपैकी फार थोड्यांनी त्याचं नाव ऐकलेलं असेल.

माहितीपटात दोन मित्र आहेत, राकेश आणि गणेश. दोघंही कोळी. राकेशकडे वडिलांकडून आलेली छोटी होडी आहे. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, बापजाद्यांच्या पद्धतीने तो मासेमारी करतो. गणेश स्कॉटलंडमध्ये शिकून परत आलेला. त्याची मासेमारी मोठ्या बोटीची, खोल समुद्रातली, आणि म्हणूनच मोठ्या कर्जाची. राकेशला वाटतं समुद्राचे नियम पाळावेत. गणेशला वाटतं जग बदललं, आपणही बदललं नाही तर बुडू. गंमत अशी की दोघांचंही म्हणणं पटतं, आणि दोघांच्याही हातात काही पडत नाही.

राकेशची बाजू कळायला कोळ्यांचं कॅलेंडर थोडं समजून घ्यावं लागतं. छोट्या होडीची मासेमारी चंद्रावर चालते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण असतं, पाण्याला ओढ असते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा ओढ मंदावते. मुंबईच्या किनाऱ्यावरचं जुनं डोल जाळं या ओढीवरच चालतं. पिशवीसारखं हे जाळं प्रवाहाच्या तोंडाला रोवून ठेवायचं, पाण्याबरोबर बोंबील आणि जवळा आपसूक आत येतो. माशाचा पाठलाग नाही. त्यामुळे खर्च कमी, पण मासा किनाऱ्याजवळ आलाच नाही तर करण्यासारखंही काही उरत नाही.

आणि मासा येईनासा झाला आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार 2019 साली महाराष्ट्रात समुद्रातून साधारण 2 लाख टन मासळी आली. गेल्या 45 वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वादळं झाली हे खरं, पण मूळ दुखणं त्याआधीचं आहे. शहराचं सांडपाणी खाड्यांत जातं, भराव पडतात, यांत्रिक बोटी वाढल्या. वरळीच्या कोळ्यांना तर सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून आपल्या होड्या नीट जाव्यात, म्हणून दोन खांबांमधलं अंतर वाढवून मागावं लागलं. बऱ्याच विरोधानंतर ते 60 मीटरवरून 120 मीटर करण्यात आलं.

गणेशची अडचण वेगळी आहे. मोठी बोट समुद्रात न्यायची म्हणजे डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी आणि जाळ्यांची दुरुस्ती हे सगळं आधी. मासळी मिळो न मिळो, हा खर्च होतोच. त्यातून सुटायचा एक रस्ता त्याच्यासमोर येतो तो एलईडी मासेमारीचा. रात्री बोटीवरच्या जनरेटरवर प्रखर दिवे लावायचे किंवा ते पाण्यात सोडायचे. उजेडाकडे मासे थव्याने येतात, मग भोवती जाळं टाकून ते आवळायचं. लहान-मोठे सगळे मासे एकदमच उचलले जातात. अंडी घालण्याआधीच पिल्लं गेली, तर पुढच्या हंगामात काय येणार?

म्हणूनच केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राने 2021 मध्ये आपला सागरी मासेमारी कायदा दुरुस्त करून दंड लाखांत नेला. बंदी आहे, पण समुद्रात पोलिस ठाणी नसतात. शेजारची बोट दिवे लावून भरून येते आणि आपली रिकामी, असं चित्र रोज दिसत असेल तर कर्ज डोक्यावर असलेला माणूस काय करेल, हा माहितीपटाचा खरा प्रश्न आहे. गणेश इथे खलनायक नाही. तो हप्ते भरणारा माणूस आहे.

दोघांच्या मैत्रीत ताण येतो तो इथेच. एकाने दिवे लावले तर मासा दुसऱ्याच्या जाळ्यात जायचा थांबतो. दोघं एकत्र बसतात, पितात, वाद घालतात, पुन्हा एकमेकांच्या घरी जातात. निवेदकाचा आवाज पूर्ण माहितीपटात नाही. कोण बरोबर हे कुणी सांगत नाही. कॅमेरा घरात, होडीवर आणि दवाखान्यात शांतपणे सोबत राहतो. या पद्धतीला चित्रपटाच्या भाषेत ‘वेरिते’ म्हणतात, आणि सनडान्सचं पारितोषिक त्यासाठीच होतं.

राकेशच्या बाळाचा प्रसंग पाहताना समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनाही आपलं घर आठवेल. कोल्हापूरजवळच्या उचगावचंच घ्या. इथून जवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार समुद्र बघत नसेल, पण एका आजारपणात घराचा हिशोब कसा कोसळतो हे त्याला नव्याने सांगावं लागत नाही. फरक एवढाच की कारखान्यात रीतसर नोंद असेल आणि पगार महिना 21 हजारांच्या आत असेल, तर पगारातून 0.75 टक्के कापून ईएसआयचं कार्ड मिळतं आणि त्यावर घरच्यांचेही उपचार होतात. मालक त्यात 3.25 टक्के घालतो. कंत्राटी कामगाराच्या हातात हे कार्ड कितीदा पडतं हा वेगळा विषय. पण स्वतःच्या होडीवर जाणाऱ्या मच्छीमाराला मालकच नसतो, त्यामुळे तो या व्यवस्थेत बसतच नाही. वर पावसाळ्यात 61 दिवस मासेमारी बंद.

इथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. लहान मुलाला जन्मजात हृदयविकार असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत होऊ शकतात. 2013 पासून ही सोय आहे. चौकशी अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात करता येते.

कष्टकरी घरांत कॅमेरा नेणारा हा पहिला माहितीपट अर्थातच नाही. आनंद पटवर्धन यांच्या 1985 च्या ‘हमारा शहर’मध्ये मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जाताना दिसतात. त्यात एक बाई चिडून चित्रीकरण करणाऱ्यालाच सुनावते, की आमचे फोटो काढून तू नाव कमावशील, आमचं काय? पटवर्धनांनी तो प्रसंग कापला नाही. त्या माहितीपटाला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणजे बाई चुकीचं बोलली नव्हती. 2007 मध्ये निष्ठा जैन यांनी ‘लक्ष्मी अँड मी’मध्ये स्वतःच्याच घरी काम करणाऱ्या तरुणीचं आयुष्य दाखवलं, आणि त्यात मालकीण म्हणून स्वतःलाही कॅमेऱ्यासमोर उभं केलं. अमेरिकेत तर मिलवॉकी शहरातल्या दोन कामगार कुटुंबांचं चित्रीकरण 1991 मध्ये सुरू झालं आणि 2024 पर्यंत त्याचे भाग येत राहिले. कारखान्यातली नोकरी गेल्यावर कमी पगाराच्या कामांत घर कसं ओढलं जातं, हे त्यात माणसं म्हातारी होईपर्यंत दिसतं.

‘अगेन्स्ट द टाइड’ एवढा लांबचा काळ दाखवत नाही. पण तो बघताना एक साधी गोष्ट ठळक दिसते. ‘समुद्रातली मासळी घटली’ ही बातमी आपल्यापर्यंत टनांत येते. राकेशच्या घरात ती दवाखान्याच्या बिलातून येते आणि गणेशच्या घरात बोटीच्या कर्जातून. बाजारात पापलेट महाग झालं की आपण फार तर कोळणीशी घासाघीस करतो. तिच्या टोपलीत आज मासळी किती कमी आहे, याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.