उपग्रह-ध्वनिक्षेपण आणि श्रोत्याचा संच

ध्वनिक्षेपणाच्या इतिहासात प्रक्षेपक केंद्रांचा विचार पुष्कळ होतो. श्रोत्याच्या घरातील संचाचा त्या मानाने अल्प. वर्ल्डस्पेस या उपग्रहसेवेचा उदयास्त मात्र संचाच्या विचारावाचून नीट उलगडत नाही.

इथिओपियात जन्मलेले नोआ समारा यांनी १९९० साली अमेरिकेत या संस्थेची स्थापना केली. आफ्रिका व आशिया खंडांतील ज्या विस्तीर्ण प्रदेशांत चांगल्या प्रतीचे ध्वनिक्षेपण पोहोचत नव्हते, तेथे ते अवकाशातून पोहोचवावे, हा मूळ हेतू होता. १९९२ साली स्पेनमधील आंतरराष्ट्रीय परिषदेने अशा सेवेसाठी १४५२ ते १४९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा नेमून दिला. त्यानंतर ऑक्टोबर १९९८ मध्ये 'आफ्रिस्टार' व मार्च २००० मध्ये 'एशियास्टार' हे उपग्रह सोडण्यात आले. भारताकडे येणारे ध्वनी दुसऱ्या उपग्रहावरून येत.

या सेवेसाठी निराळा संच लागे. हिताची, सान्यो, पॅनासॉनिक व जेव्हीसी या जपानी कंपन्यांनी प्रथम तो तयार केला. त्यासोबत एक लहान, चपटी अँटेना असे. एशियास्टार हा १०५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर असल्याने मुंबईतील श्रोत्यास ती पूर्व-आग्नेय दिशेच्या मोकळ्या आकाशाकडे रोखावी लागे. समोर उंच इमारत असली, की ध्वनी खुंटे. अमेरिकेत २००१-०२ मध्ये सुरू झालेल्या एक्सएम व सिरियस या सेवांनी शहरांतून भूपृष्ठावरील पुनःप्रक्षेपक उभारून मोटारीतील श्रोता मिळविला. भारतात वर्ल्डस्पेसचा श्रोता प्रायः घरातच राहिला.

तथापि तो श्रोता निष्ठावंत होता. हिंदुस्थानी संगीतास वाहिलेली 'गंधर्व' व कर्नाटक संगीताची 'श्रुति' या वाहिन्यांनी जाहिरातींचा व्यत्यय न आणता रागसंगीत अहोरात्र ऐकविले. अशा श्रवणासाठी वर्गणी भरणारा वर्ग येथे निर्माण झाला. २००७ च्या अखेरीस संस्थेचे एकूण वर्गणीदार पावणेदोन लाखांच्या आसपास होते व त्यांतील फार मोठा भाग भारतीय होता. परंतु दोन उपग्रहांचा खर्च एवढ्या वर्गणीतून निघणे अशक्य होते. ऑक्टोबर २००८ मध्ये संस्थेने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा संपली.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. पूर्वी रेडिओसंचासाठी टपाल कचेरीत परवाना-शुल्क भरावे लागे; तरी तो संच कोणत्याही एका केंद्राचा बांधील नसे. एक केंद्र बंद पडले, तर काटा फिरवून दुसरे लावता येई. उपग्रहसेवेत संचाची किंमत श्रोत्याने दिली, पण त्याची उपयुक्तता सेवाचालकाच्या हाती राहिली. ज्या संचांत मध्यम वा लघुलहरींचीही सोय होती, ते तेवढ्यापुरते उपयोगी राहिले. उपग्रहाचे ध्वनी घेणारा त्यांचा भाग मात्र एका रात्रीत मुका झाला. यंत्रात बिघाड कोठेही नव्हता. श्रोत्याच्या मालकीचा अर्थ किती पालटला होता, हे त्या निर्दोष पण मुक्या संचांवरून कळते. ध्वनिक्षेपणाचा इतिहास लिहिताना यापुढे केंद्रांबरोबर संचांचीही दखल घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.